शिंप्यांच्या वस्तीतलं वर्तमानपत्र आणि आपला अंक

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

सीमाभागातल्या मराठी शाळांचा पट का घसरतोय यावर गेले काही आठवडे आपल्या अंकात पत्रं येताहेत. कुणी पालकांना बोल लावलाय, कुणी सरकारला, कुणी आपल्याच पुढाऱ्यांना. एका वाचकाने लिहिलं की मुलांना कन्नड शिकवणं म्हणजे चळवळीशी गद्दारी. दुसऱ्याने उत्तर दिलं की मराठी शाळेच्या नादात पोरांचं नुकसान करू नका, सरळ इंग्रजी शाळेत घाला. दोन्ही पत्रं वाचून मन अस्वस्थ झालं. असाच वाद सव्वाशे वर्षांपूर्वी न्यूयॉर्कमध्ये, शिलाईकाम करणाऱ्या ज्यू लोकांच्या वस्तीत चालला होता. त्यांनी त्यातून काय वाट काढली आणि पुढे त्यांच्या भाषेचं काय झालं, हे आपल्या वाचकांपुढे ठेवावंसं वाटतं. त्यावरून आपल्याकडे एक मागणंही आहे, ते शेवटी लिहिते.

मी बेळगावातल्या वडगावची. ब्लाऊज, शाळेचे गणवेश, साड्यांना फॉल-पिको अशी कामं करते. माहेर अथणी तालुक्यातलं, शिक्षण कन्नड शाळेत, घरची भाषा मराठी. मुलगी न्यू जर्सीत असते. तिच्या बाळंतपणाला गेले होते तेव्हा तिने मला एक दिवस न्यूयॉर्कला ऑर्चर्ड स्ट्रीटवर नेलं. म्हणाली, "आई, तुझ्या कामाचं म्युझियम आहे, बघायलाच पाहिजे." पुढे तिने लायब्ररीतून पुस्तकं आणली. बाळ झोपलं की ती वाचायची आणि मला मराठीत सांगायची. माझी माहिती तिथून आली आहे.

ज्यू म्हटलं की आपल्याला हिटलर आठवतो, इस्रायल आठवतं. कोकण पाहिलेल्यांना अलिबाग-पेणकडचे शनिवार तेली, म्हणजे तिकडचे बेने इस्रायल ज्यू, आठवतील. त्यांची तर घरची भाषाच मराठी, आणि वल्हांडण सणाची पोथी त्यांनी 1874 साली पुण्यात मराठीत छापून घेतली होती. पण न्यूयॉर्कच्या ज्यूंची गोष्ट वेगळी आहे आणि ती पार शिवाजी महाराजांच्या तरुणपणापासून सुरू होते.

न्यूयॉर्क तेव्हा डचांच्या ताब्यात होतं, नाव न्यू अॅमस्टरडॅम. 1654 साली ब्राझीलच्या रेसिफे बंदराकडून 23 ज्यू तिथे येऊन उतरले. रेसिफे पोर्तुगीजांनी डचांकडून परत घेतलं होतं आणि पोर्तुगीजांच्या राज्यात ज्यू म्हणून उघडपणे राहणं शक्य नव्हतं. बायका, पोरं, म्हातारी माणसं. जहाजाचं भाडं भरायला पैसे नाहीत म्हणून त्यांच्या सामानाचा लिलाव झाला. तिथला गव्हर्नर पीटर स्टायव्हसंट याला ही माणसं गावात नकोच होती. त्याने अॅमस्टरडॅमला, वसाहत चालवणाऱ्या डच वेस्ट इंडिया कंपनीकडे लिहिलं की यांना घालवून द्यायची परवानगी द्या. कंपनीने 1655 मध्ये कळवलं, राहू दे त्यांना, पण त्यांच्यातल्या गरिबांचा भार कंपनीवर किंवा गावावर पडता कामा नये, त्यांचं त्यांनीच बघायचं.

त्या 1655 सालातलीच आसेर लेव्ही नावाच्या माणसाची हकीकत मला फार आवडते. गावच्या पुरुषांना पाळीपाळीने पहारा करावा लागे. ज्यूंना पहाऱ्यावर घेत नसत, उलट त्याबद्दल त्यांच्याकडून कर घेत. आसेर लेव्हीने अर्ज दिला की एक तर आम्हाला इतरांसारखा पहारा करू द्या, नाहीतर कर तरी माफ करा. अर्ज फेटाळला. पटत नसेल तर दुसरीकडे जा, असं ऐकवलं. तो गेला नाही. पहाऱ्याचा हक्क त्याने मिळवला, 1657 मध्ये नागरिकाचा हक्क मिळवला. पुढे खाटिकाचा परवाना काढला तोसुद्धा डुक्कर कापणार नाही ही सवलत लिहून घेऊन. गावही सोडायचं नाही आणि धर्मही सोडायचा नाही, आणि त्यासाठी अर्जामागून अर्ज करत राहायचं. सीमाभागात वाढलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. आपल्याकडे अर्ज-निवेदनं देता देता तीन पिढ्या गेल्या.

ही सुरुवातीची मंडळी थोडी होती. खरा लोंढा आला तो 1881 नंतर. रशियाचा झार दुसरा अलेक्झांडर मारला गेला, त्याचं खापर ज्यूंवर फोडलं गेलं, गावोगाव दंगली झाल्या. वर दारिद्र्य होतंच. 1881 पासून 1924 पर्यंत पूर्व युरोपातून 20 लाखांवर ज्यू अमेरिकेत आले आणि त्यातले पुष्कळ न्यूयॉर्कलाच राहिले. 1880 मध्ये त्या शहरात सुमारे 80 हजार ज्यू होते, 1910 मध्ये ते 10 लाखांच्या वर गेले. लोअर ईस्ट साइड नावाच्या भागात ऑर्चर्ड, हेस्टर, एसेक्स, डिलान्सी अशा रस्त्यांवर ही माणसं दाटीवाटीने राहिली. बोलायची भाषा यिडिश. ती जर्मनच्या जवळची, पण हिब्रू अक्षरात लिहितात.

97 ऑर्चर्ड स्ट्रीट ही इमारत 1863 साली बांधली. बांधणारा लुकास ग्लॉकनर हा स्वतः जर्मनीकडून आलेला शिंपी. त्या एका इमारतीत काळाच्या ओघात 20 हून जास्त देशांतली सुमारे 7,000 माणसं राहून गेली. आत एक बिऱ्हाड लेव्हाइन कुटुंबाचं म्हणून जसं होतं तसं मांडून ठेवलंय. तीन खोल्या मिळून 325 चौरस फूट. नवरा-बायको, लेकरं, आणि त्याच जागेत कपडे शिवायचा कारखाना. हॅरिस लेव्हाइन मशिनीवर, सोबत पगारी माणसं. कच्ची टीप घालायला एक, हातशिलाईला एक, इस्त्रीला एक. खिडकीजवळ उजेडाला मशीन, कारण दुसरीकडे दिसायचंच नाही. मधल्या स्वयंपाकघरात कोळशाची शेगडी, आणि इस्त्र्या तिच्यावरच तापत ठेवायच्या, म्हणजे उन्हाळ्यातही शेगडी पेटलेली. तिथेच बाईने रांधायचं, तिथेच तान्हं सांभाळायचं. मी मशिनीजवळ उभी राहिले आणि जमिनीकडे बघत बसले. मार्गदर्शक मुलीने विचारलं, काय शोधताय? मुलीकरवी सांगितलं, चिंध्या कुठे टाकत असतील ते बघतेय. चिंध्यांचा ढीग हा शिवणाऱ्या बाईच्या घरातला कायमचा पाहुणा, तो या मांडणीत मला हवा होता.

चिंध्यांचं आठवलं म्हणून ट्रँगल कारखान्याबद्दल इथेच लिहिते. 25 मार्च 1911, शनिवारची संध्याकाळ. वॉशिंग्टन चौकाजवळ दहा मजली इमारत, वरच्या तीन मजल्यांवर बायकांचे ब्लाऊज शिवायचा कारखाना. आठव्या मजल्यावर कापायच्या टेबलाखाली साठलेल्या चिंध्यांनी पेट घेतला. नवव्या मजल्यावरच्या पोरींना खबर मिळेपर्यंत आग पोचली होती, आणि तिथलं जिन्याचं एक दार कुलूपबंद होतं. कामगार मधेच बाहेर पडू नयेत, माल चोरू नये म्हणून दार लावून घ्यायची रीत. अग्निशमन दलाची शिडी सहाव्या मजल्यापर्यंतच पोचत होती. पोरींनी खिडक्यांतून उड्या टाकल्या. 146 जीव गेले, त्यातल्या 123 बायका-मुली, बहुतेक ज्यू आणि इटालियन, कितीतरी विशीच्या आतबाहेरच्या. मालकांवर खटला झाला आणि ते सुटले.

2023 साली त्या इमारतीवर स्मारक झालं. डोक्यावर उंच एक पोलादी पट्टी आडवी फिरवलीय, तिच्यात मेलेल्यांची नावं आरपार कापून काढलीत. कमरेच्या उंचीवर दुसरी काळी चकचकीत पट्टी आहे, तिच्यात त्या नावांचं प्रतिबिंब पडतं, त्यामुळे नाव वाचायला आपण खाली वाकतो. हकीकत तीन भाषांत लिहिली आहे, इंग्रजी, यिडिश आणि इटालियन. म्हणजे त्या मुली ज्या भाषांत बोलायच्या त्या भाषा तेव्हा सरकारी कामकाजाच्या नव्हत्या, तरी आज शहराच्या भिंतीवर आहेत. त्यामुळे इंग्रजीचं काही बिघडलेलं नाही. आपल्याकडे फलकावरच्या अक्षरांवरून दगड उचलले जातात तेव्हा मला ती भिंत आठवते.

या आगीआधी दीड वर्ष याच धंद्यातल्या पोरींनी मोठा संप केला होता. सुईचे पैसे, विजेचे पैसे, बसायच्या खुर्चीचेसुद्धा पैसे मजुरीतून कापायचे, हे त्यांच्या तक्रारीत होतं. (गणवेशाच्या कामावर तुटलेल्या सुईचे पैसे कापणारा व्यापारी मीही पाहिलाय, त्यामुळे हे वाचताना अंगावर काटा आला.) 22 नोव्हेंबर 1909 ला कूपर युनियनच्या सभागृहात सभा भरली. पुढाऱ्यांची भाषणं तास-दोन तास चालली, ठरत काहीच नव्हतं. तेव्हा क्लारा लेमलिक नावाची 23 वर्षांची मुलगी उठली आणि यिडिशमध्ये म्हणाली की बोलणं पुरे झालं, मी संपाचा ठराव मांडते. सगळ्या सभेने हात वर करून शपथ घेतली. 20 हजारांवर कामगार बाहेर पडले, बहुतेक मुलीच. पुढाऱ्यांच्या लांबलचक भाषणांनी जे घडलं नाही ते तिच्या दोन-चार वाक्यांनी घडलं.

आता वर्तमानपत्राकडे येते, कारण खरं सांगायचंय ते हे.

1897 च्या एप्रिलमध्ये तिथे 'फॉरवर्ट्स' नावाचं यिडिश दैनिक निघालं. अब्राहम काहान त्याचे संपादक, जवळजवळ अर्धं शतक तेच प्राण होते त्या पत्राचे. व्हिल्नाजवळच्या गावातून 1882 मध्ये आलेले, रात्रशाळेत आपल्याच माणसांना इंग्रजी शिकवलेले. हे पत्र समाजवादी विचारांचं, पण काहानांनी ते फक्त सभा-ठरावांच्या बातम्यांनी भरलं नाही. त्यांना वस्तीतल्या बायकांनी पेपर हातात धरायला हवा होता. 1906 च्या जानेवारीत त्यांनी 'बिंतल ब्रीफ' हे सदर सुरू केलं. वाचकांनी आपली अडचण लिहायची, संपादकांनी उत्तर द्यायचं. लिहिता न येणारे दुसऱ्याकडून लिहून घ्यायचे. पत्र व्याकरणाने चुकलेलं असलं तर कचेरीत सुधारून छापायचे, पण टाकून द्यायचे नाहीत.

सुरुवातीच्याच पत्रांत एका बाईचं पत्र होतं. घरी एक घड्याळ होतं, काम नसलं की ते गहाण टाकून घर चालायचं. ते चोरीला गेलं. शेजारणीनेच नेलं हे तिला कळलंय, आणि ती उपाशी आहे म्हणून नेलं हेही कळलंय. पेपरातून तिने शेजारणीला विनवलं, आशय असा की निदान गहाणाची पावती पोस्टाने पाठव, आपली मैत्री पूर्वीसारखीच राहील. मुलीने हे वाचून दाखवलं तेव्हा आम्ही दोघी गप्प झालो. वडगावच्या कुठल्याही गल्लीतली बाई हे लिहू शकली असती, हातमागाचं काम बसलं त्या वर्षांत तर नक्कीच.

नवरा सोडून गेलेल्या बायका त्या सदराकडे यायच्या. फॉरवर्ट्सने अशा पळालेल्या नवऱ्यांचे फोटो छापायला सुरुवात केली, ओळखणाऱ्यांनी कळवावं म्हणून. हे सदर निघण्याआधीच, 1903 मध्ये, एका बापाने फॉरवर्ट्सला लिहिलं होतं, मुलगा बेसबॉलच्या नादी लागलाय, हे खेळणं काय कामाचं? काहानांनी उत्तर दिलं, खेळू द्या, या देशात पोरं परकी वाटता कामा नयेत. नागरिकत्व कसं मिळवायचं, मत कसं द्यायचं, पोरांना शाळेत कसं घालायचं, हे सगळं ते पत्र यिडिशमधून सांगायचं. इंग्रजी शिका असंही यिडिशमधूनच सांगायचं. 1912 मध्ये त्यांनी ईस्ट ब्रॉडवेवर दहा मजली कचेरी बांधली, आजूबाजूच्या सगळ्या घरांपेक्षा उंच, आणि 1920 च्या दशकात खप दोन लाखांच्या वर गेला. परक्या शहरात, शिंपी आणि हातगाडीवाल्यांच्या भाषेतला पेपर इतका चालत होता.

का चालला? माझ्या समजुतीप्रमाणे, त्या पेपरवाचून माणसाचं अडत होतं म्हणून. भाषेबद्दल अभिमान असलेले लोक थोडे होते. उलट त्यांच्यातलेच आधी आलेले, पैसेवाले, जर्मन ज्यू यिडिशला भाषाच मानत नसत. त्यांनी 1889 मध्ये एज्युकेशनल अलायन्स नावाची संस्था काढली, तिथे इंग्रजी शिकवायचे, वाचनालय चालवायचे, पुष्कळ चांगलं काम केलं, पण सुरुवातीला यिडिशकडे नाक मुरडूनच. ते वाचताना पुण्याची आठवण झाली. आपल्या बोलण्यात "की" आणि "वो" आलं की तिकडचे नातेवाईक हसतात, आणि मग इकडची शिकलेली पोरं आपली बोली घरातच ठेवतात. आपल्यांनीच हसावं याचं दुःख जास्त.

पेपरच्या जोडीला आणखी एक गोष्ट होती. एकेका गावाहून आलेल्यांनी मंडळं काढली. ठरलेली वर्गणी भरायची. आजारपणात त्यातून थोडे पैसे मिळत, ठरलेला डॉक्टर येऊन बघून जाई, आणि मेल्यावर पुरायला मंडळाने घेतलेली जागा असे. न्यूयॉर्कच्या जुन्या ज्यू दफनभूमीत अशा मंडळांच्या कमानी अजून उभ्या आहेत, त्यांच्यावर पोलंड-युक्रेनमधल्या छोट्या छोट्या गावांची नावं. माझे सासरे मुंबईत गिरणीत होते तेव्हा लालबागला गावकीच्या खोलीवर राहायचे. पाळीपाळीने झोपायचं, खानावळ एक, कुणी वारला तर वर्गणी काढून कार्य करायचं. खानापूर-चंदगडकडच्या किती घरांनी त्या खोल्यांवर दिवस काढलेत. म्हणजे हे शहाणपण आपल्याकडे होतंच. 1892 मध्ये न्यूयॉर्कला त्यांनी बिनव्याजी कर्ज देणारी संस्था काढली, कुणाला मशीन घ्यायला, कुणाला हातगाडी घ्यायला, दोन जामीन आणले की झालं. ती आजही चालू आहे आणि कर्ज मागणाऱ्याचा धर्म विचारत नाही.

सगळं गोड नव्हतं हेही लिहायला हवं. यार्मुलोव्स्की नावाच्या सावकाराची बँक होती, वस्तीतल्या गरिबांच्या ठेवी तिच्यात. कॅनल आणि ऑर्चर्ड स्ट्रीटच्या कोपऱ्यावर तिने देवळासारखी टोलेजंग इमारत बांधली, 1912 मध्ये. दोन वर्षांत महायुद्ध पेटलं, युरोपात अडकलेल्या नातेवाइकांना पैसे पाठवायला लोकांनी रांगा लावल्या, आणि बँक बुडाली. आपला माणूस, आपली भाषा, आपली बँक म्हणून ठेवलेला पैसा गेला. आपल्या भागातही पतसंस्था बुडालेल्या पाहिल्यात. आपला म्हणून डोळे झाकून विश्वास ठेवायची किंमत तिथेही मोजावी लागली, इथेही.

मग पुढे काय झालं? 1924 मध्ये अमेरिकेने कायदा करून पूर्व युरोपातून येणाऱ्यांना दार जवळपास बंद केलं. नवी माणसं येईनात. जुन्यांना जरा बरे दिवस आले तसे ते लोअर ईस्ट साइड सोडून ब्रुकलिन, ब्रॉन्क्सला गेले. पोरं सरकारी शाळेत इंग्रजी शिकली. यिडिशचे वर्ग होते, कामगारांच्या संघटनांनी चालवलेले, पण ते शाळा सुटल्यावर. पोरांना आजीशी बोलण्यापुरती यिडिश राहिली आणि फॉर्म भरायला, नोकरी मागायला, प्रेमपत्र लिहायला इंग्रजी. दुसरीकडे युरोपात ज्या गावांत यिडिश रोजची भाषा होती ती गावंच नाझींनी संपवली. फॉरवर्ट्स 1983 मध्ये दैनिकाचं साप्ताहिक झालं, 2019 मध्ये छपाई थांबली, आता इंटरनेटवर आहे. ती दहा मजली कचेरी उभी आहे, आत महागडी घरं आहेत. एल्ड्रिज स्ट्रीटचं 1887 चं भव्य प्रार्थनामंदिर छान दुरुस्त केलंय, ते आता म्युझियम आहे आणि भोवती सगळी चिनी दुकानं.

पण त्याच शहरात, पुलापलीकडे ब्रुकलिनच्या विल्यम्सबर्ग आणि बरो पार्कमध्ये, जुन्या धर्मरीती कडकपणे पाळणाऱ्या हसिदी ज्यूंच्या वस्तीत आज लहान मुलं यिडिश बोलतात. आम्ही बसमधून गेलो. दुकानांच्या पाट्या, शाळेच्या बसवरची अक्षरं, भिंतीवर चिकटवलेल्या जाहिराती, सगळं त्या लिपीत. त्यांचं बंदिस्त राहणं मला पटणारं नाही, विशेषतः मुलींच्या बाबतीत. तरी एवढं खरं की तिथे शाळा, दुकान, लग्न, भाडं, डॉक्टर सगळी कामं त्या भाषेत होतात, म्हणून ती जिवंत आहे.

संपादक महोदय, आता आपल्याकडे या. 2004 पासून सीमाप्रश्न सर्वोच्च न्यायालयात आहे. भाषिक अल्पसंख्याक म्हणून मराठीतून कागदपत्रं द्या ही मागणी रास्त आहे आणि ती सोडायची नाही. कडोली, येळ्ळूर, उचगावला साहित्य संमेलनं होतात, माणसं चटया टाकून दिवसभर ऐकतात, याचा मला अभिमान आहे. आणि समुद्र ओलांडून आलेले ते, आपण तर जागचे हललोच नाही, सरहद्द आपल्या अंगावरून गेली. म्हणून कन्नड शिकल्याने कुणी मराठीपासून तुटतो हे मला मान्य नाही, मी स्वतः तशी वाढले. माणूस तुटतो तो, ज्या दिवशी त्याला कळतं की अडचणीच्या वेळी मराठीत कुणी सांगणारं नाही.

माझ्याकडे येणाऱ्या बायकांचं उदाहरण देते. ब्लाऊजचं माप द्यायला येतात आणि पिशवीतून घडी घातलेला कागद काढतात, "वैनी, हे बघा की जरा." कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे 2000 रुपये दोन महिने आले नाहीत. रेशन कार्डावर नाव एका पद्धतीने, आधारवर दुसऱ्या, बँकेच्या पासबुकात तिसऱ्या. मराठी नाव कन्नडमध्ये लिहिलेलं, तिथून इंग्रजीत गेलेलं, वाटेत एक अक्षर गळलेलं. एका आजीची संध्या सुरक्षा पेन्शन अडली होती, कारण हयातीचा कागद द्यायचा राहिला, आणि द्यायचा आहे हे सांगणारी सूचना कन्नडमध्ये होती. आजी ती सूचना देव्हाऱ्यात ठेवून आली होती, सरकारी कागद म्हणून. तिचा नातू इंग्रजी शाळेत आहे, त्यालाही ती वाचता आली नाही. उतारा, वारसा, जात-उत्पन्नाचा दाखला, वीज मीटरवरचं नाव बदलणं, अशा कामांना मग एजंट गाठायचा आणि तो मागेल तेवढे पैसे द्यायचे.

म्हणून माझं मागणं असं. आपल्या अंकात आठवड्यातून एकदा अर्धं पान वाचकांच्या अडचणींना द्या. पत्राने, फोनवरून, व्हॉट्सअॅपवर, कसाही प्रश्न येऊ दे. उत्तर साध्या मराठीत छापा, कुठे जायचं, कुठले कागद न्यायचे, फी किती. अर्जावर जे कन्नड शब्द असतात ते देवनागरीत द्या, शेजारी मराठी अर्थ, म्हणजे 'हेसरु' तिथे नाव आणि 'विळास' तिथे पत्ता लिहायचा हे कळून बाईला कापून जवळ ठेवता येईल. बेळगावात निवृत्त कारकून आहेत, वकील आहेत, बँकेतून निवृत्त झालेले आहेत, कन्नड-मराठी दोन्ही येणारे शिक्षक आहेत. विचारलं तर कितीतरी जण आनंदाने बसतील. आपले कन्नड शेजारीही मदत करतील, माझी अथणीची मैत्रीण आत्ताच तयार आहे.

आणि हे सदर फॉर्मपुरतं ठेवू नका. सासूचं, नवऱ्याच्या दारूचं, मुलीला पुढे शिकवायचं की नाही याचं, कर्जाचं, कोणत्या शाळेत घालू याचंही येऊ द्या. नाव छापायचं नाही एवढी हमी द्या. चुकीच्या शुद्धलेखनाचं पत्र परत पाठवू नका, सुधारून घ्या. आज आपल्या पेपरात बायकांसाठी पाककृती आणि राशिभविष्य येतं. ते असू दे, पण बाईने स्वतः लिहिलेलं काही येत नाही. काहानांना जे कळलं ते हेच की घरातल्या बाईने पेपर हातात घेतला तर पोरं तो बघतात, आणि तिथूनच त्यांना अक्षरं ओळखीची होतात. मराठी शाळेत पोरं घाला असं पालकांना सांगणाऱ्या दहा लेखांपेक्षा हे अर्धं पान जास्त उपयोगाचं होईल असं मला मनापासून वाटतं.

लिहिता न येणाऱ्यांसाठी माझं दुकान आहे. दुपारी दोन ते चार मशीन बंद असते. त्या वेळात येईल त्याचं पत्र मी लिहून देईन आणि आपल्या कचेरीत पोचवीन, पैसे घेणार नाही. शहापूर, खासबाग, अनगोळला माझ्यासारख्या शिवणाऱ्या बायका आहेत, त्यांच्याशी बोलले आहे, तिघी तयार आहेत.

दोन प्रश्न सोबत जोडले आहेत, सुरुवात त्यांनी करावी. पहिला: रेशन कार्डावर वारलेल्या सासऱ्यांचं नाव अजून आहे, मृत्यूचा दाखला गावाकडच्या ग्रामपंचायतीचा आहे आणि घर आता बेळगावात आहे, तर नाव कमी करायला अर्ज कुठे द्यायचा? दुसरा: मुलगी मराठी शाळेतून सातवी पास होईल, आठवीला मराठी माध्यम जवळ नाही, लांबच्या शाळेत पाठवायची तर बसपाससाठी काय काय लागतं, आणि तिला एकटीला पाठवावं का? दुसरा प्रश्न विचारणाऱ्या बाईंनी सांगितलंय की उत्तर शनिवारच्या आत छापलं तर बरं, सोमवारी शाळेचा दाखला काढायचा आहे.

आपली वाचक,
एक शिवणकाम करणारी
वडगाव, बेळगाव
(कृपया नाव छापू नये.)